एक्सपी बसेना, पीसी उठेना: फॉरमॅट मारण्याआधी काय काय बघायचं

विंडोज एक्सपी २५ ऑक्टोबर २००१ला आली आणि ८ एप्रिल २०१४ला मायक्रोसॉफ्टने तिला अपडेट देणं थांबवलं. तरीही ती अजून कामावर आहे. डीटीपीवाल्यांकडे पेजमेकरच्या जुन्या फायलींसाठी, एमआयडीसीतल्या वर्कशॉपात मशीनला जोडलेली, वजनकाट्यावर, पॅथॉलॉजी लॅबच्या कोपऱ्यात. हौस म्हणून कोणी ती ठेवत नाही. एखादं सॉफ्टवेअर किंवा डोंगल (सॉफ्टवेअर चालण्यासाठी पीसीच्या पोर्टला लावावी लागणारी किल्ली) दुसरीकडे चालत नाही, म्हणून ठेवावी लागते.

असा पीसी बंद पडला की दुरुस्तीवाल्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "फॉरमॅट मारावा लागेल." मी डीटीपीच्या कामात आहे, असे पीसी सांभाळतो, आणि माझं मत अगदी उलट आहे. फॉरमॅट हा शेवटचा उपाय. आधी पीसी नेमका कुठल्या टप्प्यावर अडतोय ते बघा. स्क्रीनवर शेवटची ओळ कोणती आली, एवढं जरी नीट टिपलं तरी अर्धं निदान होतं. खालचा क्रम त्याच हिशोबाने लावला आहे.

१. सगळ्यात आधी डेटा बाहेर काढा

विंडोज चालू होत नाही म्हणजे डेटा गेला असं नाही. हार्ड डिस्क काढा, यूएसबी अ‍ॅडॉप्टरने दुसऱ्या पीसीला जोडा आणि कॉपी करा. अ‍ॅडॉप्टर घेताना जुनी रुंद आयडीई पिन आणि नंतरची अरुंद सॅटा (डिस्क जोडण्याचे दोन प्रकार), दोन्ही चालणारा घ्या. या पिढीच्या पीसीत दोन्हींपैकी काहीही निघू शकतं.

काय काय कॉपी करायचं?

- 'डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज' हे अख्खं फोल्डर. डेस्कटॉप, माय डॉक्युमेंट्स आणि आउटलुक एक्सप्रेसची मेल याच्याच पोटात असते.
- 'विंडोज'मधलं 'फॉन्ट्स' फोल्डर. हे सगळे विसरतात. जुन्या मराठी फॉन्टमध्ये केलेलं काम त्याच फॉन्टशिवाय उघडलं की पानभर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा कचरा दिसतो.
- सॉफ्टवेअरचं स्वतःचं डेटा फोल्डर. पुष्कळ जुनी सॉफ्टवेअर डेटा थेट सी ड्राइव्हवर किंवा 'प्रोग्रॅम फाइल्स'मध्ये ठेवतात.

'अ‍ॅक्सेस डिनाइड' आलं तर घाबरू नका. फोल्डरच्या सिक्युरिटीत जाऊन मालकी स्वतःकडे घ्या, मग उघडतं. मात्र डिस्कमधून टकटक असा ठरावीक आवाज येत असेल तर फायली एकेक कॉपी करत बसू नका. डिस्क मरायला टेकली आहे. लिनक्सच्या डीडीरेस्क्यूने तिची आधी पूर्ण प्रत काढा आणि पुढची सगळी खटपट त्या प्रतीवर करा.

२. सामान जमवा

- एक्सपीची सीडी, शक्यतो सर्व्हिस पॅक ३ (मायक्रोसॉफ्टने दिलेल्या सुधारणांचा संच) असलेली, आणि तिला लागू पडणारी 'प्रॉडक्ट की', म्हणजे बसवताना टाकायचा क्रमांक. एक्सपी होमची की एक्सपी प्रोफेशनलला चालत नाही, आणि पीसीबरोबर आलेली की दुकानातून सुट्या घेतलेल्या सीडीला चालत नाही. कॅबिनेटच्या बाजूला स्टिकर असतो, तो आधी वाचा. ब्रँडेड पीसी असेल तर त्याच कंपनीची सीडी शोधा. ती बायोसमधली (विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या, मुख्य बोर्डावरच्या प्रोग्रॅममधली) खूण ओळखते आणि अ‍ॅक्टिव्हेशनची कटकट राहत नाही.
- मदरबोर्डचे ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला बोर्डावरचे भाग चालवायला लागणारी छोटी सॉफ्टवेअर, दुसऱ्या पीसीवरून आधीच उतरवून. "विंडोज बसली की तिथूनच डाउनलोड करू" हा विचार सोडा. नुकत्याच बसवलेल्या एक्सपीत लॅन (नेटवर्क) कार्डच ओळखलं जात नाही बऱ्याचदा, आणि ओळखलं तरी तिच्यातल्या ब्राउझरमध्ये आजच्या बहुतेक साइट उघडत नाहीत.
- एफएटी३२ने फॉरमॅट केलेला पेनड्राइव्ह. एक्सएफएटीवाला साध्या एक्सपीला वाचता येत नाही.
- पीएस टू कीबोर्ड, म्हणजे जुना गोल पिनचा. बायोसमध्ये यूएसबी कीबोर्डचा सपोर्ट बंद असेल तर इन्स्टॉलेशनच्या पहिल्या पडद्यावर तुम्ही एंटर दाबत राहाल आणि काहीच होणार नाही.
- सीआर२०३२ सेल (मदरबोर्डवरचा चपटा गोल सेल), स्क्रू ड्रायव्हर, ब्रश, खोडरबर, जास्तीची डेटा केबल.
- रॅम तपासणाऱ्या मेमटेस्ट८६+ची सीडी.
- यूपीएस. फायली कॉपी होताना वीज गेली तर पुन्हा पहिल्यापासून.

सीडी स्वतः बर्न करणार असाल तर आयएसओ (अख्ख्या सीडीची एकच फाइल) 'इमेज' म्हणून बर्न करा, आणि सगळ्यात कमी वेगाने. जुने सीडी ड्राइव्ह भरधाव बर्न केलेल्या सीडीवर हमखास अडखळतात. सीडी ड्राइव्हच नसेल तर विनसेटअपफ्रॉमयूएसबीसारख्या साधनाने पेनड्राइव्ह तयार करता येतो. आयएसओ नुसती पेनड्राइव्हवर कॉपी केली तर एक्सपी बूट होत नाही; विंडोज ७पासून हे सोपं झालं, एक्सपीत नव्हतं.

३. कुठे अडलंय ते ओळखा

पीसी चालू करा, हात लावू नका, मोबाइलने व्हिडिओ काढा. निळा पडदा डोळ्याने वाचायच्या आत निघून जातो, व्हिडिओ थांबवून वाचता येतो.

पंखा फिरतो पण स्क्रीनवर काहीच नाही, किंवा नुसते बीप: हे विंडोजचं दुखणंच नाही. रॅम काढा, तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरने हलक्या हाताने पुसा, पुन्हा बसवा. प्रोसेसरच्या आसपासचे कपॅसिटर बघा. त्यांची डोकी फुगलेली किंवा तपकिरी ओघळ आलेला असेल तर बोर्ड दुरुस्तीला द्या. सॉफ्टवेअरने काही होणार नाही.

काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरात एखादी ओळ येऊन थांबलं: बूट फायली किंवा डिस्क. मुद्दा ६ बघा.

एक्सपीचा लोगो येतो आणि मग निळा पडदा किंवा परत रीस्टार्ट: ड्रायव्हर, रजिस्ट्री (विंडोज आणि सॉफ्टवेअरच्या सेटिंगचा साठा) किंवा बायोसमधली सेटिंग. आधी मुद्दा ४.

चालू होतो, पण दहा-पंधरा मिनिटांनी आपोआप बंद पडतो: प्रोसेसर तापतोय. धूळ काढा, थर्मल पेस्ट बदला.

४. बायोस: छोट्याशा सेलची करामत

हा भाग सावकाश वाचा, कारण यातलं एक प्रकरण मी वारंवार पाहिलं आहे.

पीसी बरेच दिवस बंद होता. चालू केला तर 'सीमॉस चेकसम एरर, डिफॉल्ट्स लोडेड' अशी ओळ आली आणि एफ १ दाबा म्हणाला. दाबलं. एक्सपीचा लोगो क्षणभर दिसला आणि निळा पडदा. खाली 'स्टॉप' आणि बऱ्याच शून्यांनंतर ७बी. मंडळी म्हणतात, विंडोज करप्ट झाली, फॉरमॅट मारा.

विंडोज ठणठणीत असते. मदरबोर्डवरचा सेल संपला, त्यामुळे बायोस आपल्या सगळ्या सेटिंग विसरला आणि कारखान्यातल्या मूळ सेटिंगवर गेला. काही बोर्डांवर त्या मूळ सेटिंगमध्ये सॅटा मोड (डिस्कशी बोलण्याची पद्धत) 'एएचसीआय' हा नवा असतो. एक्सपी बसवताना तो जुना 'आयडीई' होता. एक्सपीच्या मूळ सीडीत एएचसीआयचा ड्रायव्हरच नाही, त्यामुळे लोगोपर्यंत येऊन तिला स्वतःचीच डिस्क दिसेनाशी होते. ७बीचा अर्थ एवढाच.

उपाय:

१. पीसीची पिन भिंतीतून काढून सेल बदला.
२. बायोसमध्ये जा. बहुतेक बोर्डांवर डिलीट, काहींवर एफ २.
३. तारीख-वेळ लावा.
४. सॅटा मोड 'आयडीई', 'कम्पॅटिबल' किंवा 'लेगसी' करा. नाव बोर्डागणिक बदलतं.
५. बूट क्रम बघा: हार्ड डिस्क पहिली. नव्याने बसवणार असाल तर सीडी पहिली.
६. सेव्ह करून बाहेर पडा.

तारखेकडे दुर्लक्ष करू नका. ती मागच्या कुठल्यातरी सालात गेली असेल तर अ‍ॅक्टिव्हेशन बिनसतं, अकाउंटचं सॉफ्टवेअर वर्ष संपल्याच्या तक्रारी करतं, आणि तुम्ही भलतीकडेच शोधत बसता.

त्यातल्या त्यात नवा बोर्ड असेल आणि त्यात यूईएफआय (बायोसचा नवा अवतार) असेल तर 'सीएसएम' किंवा 'लेगसी बूट' चालू लागेल. ते नसेल तर त्या पीसीवर एक्सपीचा नाद सोडा.

५. नव्याने बसवायचीच असेल तर

५.१ सुरुवात. सीडी घाला. 'प्रेस एनी की टू बूट फ्रॉम सीडी' आलं की कुठलंही बटण दाबा. निळा पडदा सुरू झाल्यावर तळाशी काही सेकंद एफ ६ दाबण्याची सूचना येते. एएचसीआय किंवा 'रेड'चा (अनेक डिस्क एकत्र चालवण्याचा) ड्रायव्हर इथे द्यायचा, आणि तो फक्त फ्लॉपीवरून. फ्लॉपी आज कोण शोधणार? म्हणून सॅटा मोड आयडीई ठेवणं हाच सरळ रस्ता. तो पर्यायच नसलेल्या बोर्डासाठी एनलाइटने ड्रायव्हर सीडीतच मिसळून नवी सीडी करता येते.

याच वेळी एफ ७ दाबलं तर एसीपीआय (विंडोजने पीसीची वीज सांभाळण्याची सोय) बंद ठेवून इन्स्टॉलेशन होतं. ही सूचना पडद्यावर कुठेच दिसत नाही. निळ्या पडद्यावर ए५ कोड आला, म्हणजे बायोस आणि एसीपीआय यांचं जमत नाही, तेव्हा ही युक्ती वापरा. किंमत एवढीच की शटडाउननंतर पीसी हाताने बंद करावा लागतो.

५.२ दोन आर. पहिल्या पडद्यावरचा आर म्हणजे रिकव्हरी कन्सोल, कमांड टाइप करून दुरुस्ती करण्याची काळी खिडकी. तो न दाबता एंटर, मग एफ ८ने करार मान्य, आणि त्यानंतर जुनी विंडोज सापडली तर दुसऱ्यांदा आरचा पर्याय येतो. तो रिपेअरचा. यात विंडोजच्या फायली नव्याने बसतात, पण तुमची सॉफ्टवेअर आणि डेटा जागेवर राहतात. फॉरमॅटच्या आधी हे करून बघाच. दुसरा आर दिसलाच नाही तर सीडीला जुनी विंडोज ओळखता आलेली नाही; तिथे घाईने पुढे जाऊ नका.

५.३ पार्टिशन. इथे तीन सापळे आहेत.

डिस्क ५०० जीबीची, पण सीडी साधारण १ लाख ३१ हजार एमबीच दाखवते: तुमची सीडी सर्व्हिस पॅक १च्याही आधीची आहे. मूळ एक्सपीला १३७ जीबीपुढचं दिसत नाही. तशीच रेटून बसवू नका, पुढे डेटावर डेटा लिहिला जाऊ शकतो. सीडी बदला.

डिस्क अख्खी 'जीपीटी' म्हणून दिसते आणि तिच्यावर काहीच करता येत नाही: जीपीटी आणि एमबीआर या डिस्कवरच्या पार्टिशनची नोंद ठेवण्याच्या नव्या आणि जुन्या पद्धती. ३२ बिट एक्सपीला जीपीटी कळत नाही. डिस्क दुसऱ्या पीसीला लावून एमबीआर करा. त्यात डिस्कवरचं सगळं जातं. एमबीआरची मर्यादा २ टीबी, त्यामुळे मोठी डिस्क घेण्यात अर्थ नाही.

एसएसडी लावताय: पार्टिशन एक्सपीच्या सीडीने करू नका. ती ६३व्या सेक्टरपासून सुरुवात करते, एसएसडीला ते मानवत नाही. विंडोज ७ किंवा लिनक्सवर पार्टिशन करून आणा आणि एक्सपी त्यावर बसवा.

फॉरमॅट करताना जुन्या डिस्कला 'क्विक' नको. पूर्ण फॉरमॅटला वेळ लागतो, पण खराब सेक्टर तिथेच उघडे पडतात.

५.४ फायली कॉपी होत नाहीत. 'सेटअप कॅनॉट कॉपी द फाइल' असं येतं. एकच फाइल प्रत्येक वेळी अडत असेल तर सीडी किंवा ड्राइव्हची लेन्स. दर वेळी वेगळी फाइल अडत असेल तर संशय रॅमवर घ्या. मेमटेस्ट रात्रभर चालू ठेवा. एक जरी लाल ओळ आली तरी ती पट्टी बाद. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून तपासा.

५.५ पहिला रीस्टार्ट. पुन्हा 'प्रेस एनी की' येईल. आता काहीही दाबायचं नाही. दाबलं तर सगळं पहिल्यापासून सुरू होतं. नवखे इथेच गोल गोल फिरत राहतात आणि सीडीला दोष देतात.

५.६ ३४ मिनिटांवर गोठलं. रंगीत पडद्यावर उरलेली मिनिटं ३९पासून उलटी मोजली जातात. ३४वर 'इन्स्टॉलिंग डिव्हायसेस' येतं आणि तिथे पीसी अडकण्याचं प्रमाण खूप. अर्धा तास थांबा आणि हार्ड डिस्कचा लाल दिवा बघा. लुकलुकत असेल तर काम चालू आहे. अगदी निपचित असेल तर पीसी बंद करा. प्रिंटर, स्कॅनर, डोंगल, वेगळं साउंड कार्ड, जे जे काढता येईल ते काढा आणि चालू करा. सेटअप आपला पुढे जाऊ लागतो. शिफ्ट आणि एफ १० एकत्र दाबलं की इथे कमांडची काळी खिडकी उघडते. माहीतगाराला तिथून लॉग फायली बघता येतात.

६. बसलेली एक्सपी उठत नसेल तर

'एनटीएलडीआर इज मिसिंग', म्हणजे विंडोज सुरू करणारी फाइल सापडत नाही. आधी पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड, फ्लॉपी काढा. पीसी त्यांच्यावरून बूट व्हायला बघतो आणि हीच ओळ दाखवतो. तसं नसेल तर सीडीने बूट करा, पहिल्या पडद्यावर आर दाबा. विंडोजचा क्रमांक विचारेल, बहुधा १. अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड विचारेल; ठेवलेला नसेल तर नुसतं एंटर. मग इंग्रजीत 'फिक्सबूट' टाइप करून वाय. त्यानेही भागलं नाही तर सीडीच्या 'आय३८६' फोल्डरमधून 'एनटीएलडीआर' आणि 'एनटीडिटेक्ट डॉट कॉम' या दोन फायली सी ड्राइव्हच्या मुळाशी कॉपी करा. 'फिक्सएमबीआर' मात्र उगाच चालवू नका, विशेषतः डिस्कवर लिनक्स किंवा दुसरी विंडोज असेल तर.

'हाल डॉट डीएलएल' नाही म्हणते. ती फाइल सहसा जागेवरच असते. 'बूट डॉट आयएनआय' बिघडलेली असते आणि विंडोज भलत्याच पार्टिशनवर शोधली जाते. रिकव्हरी कन्सोलमध्ये 'बूटसीएफजी', जागा सोडून स्लॅश 'रीबिल्ड'. नाव विचारलं की काहीही समजेलसं द्या, पर्याय विचारला की स्लॅश 'फास्टडिटेक्ट'.

'विंडोज, सिस्टम३२, कॉन्फिग, सिस्टम' ही फाइल खराब. म्हणजे रजिस्ट्री. आधी रिकव्हरी कन्सोलमधून डिस्क तपासा: सी, एच, के, डी, एस, के अशी कमांड आणि स्लॅश आर. पुष्कळदा एवढ्याने पीसी उठतो. नाही उठला तर इंटरनेटवर जागोजागी 'रिपेअर' फोल्डरमधल्या फायली कॉपी करायला सांगतात. त्या विंडोज बसवली त्या दिवशीच्या असतात. त्यानंतर घातलेली सगळी सॉफ्टवेअर विंडोजच्या लेखी नाहीशी होतात. त्याऐवजी डिस्क दुसऱ्या पीसीला लावा, 'सिस्टम व्हॉल्यूम इन्फर्मेशन'मध्ये जुन्या रिस्टोर पॉइंटचं 'स्नॅपशॉट' फोल्डर शोधा. सिस्टम, सॉफ्टवेअर, सॅम, सिक्युरिटी आणि डिफॉल्ट या पाचही फायलींच्या प्रती तिथे असतात. पाचही एकाच तारखेच्या घ्या. मूळ फायली पुसू नका, नाव बदलून बाजूला ठेवा.

लोगो, रीस्टार्ट, लोगो, रीस्टार्ट. चालू होताना एफ ८ दाबत राहा. आधी 'लास्ट नोन गुड कॉन्फिगरेशन'. नाही जमलं तर 'डिसेबल ऑटोमॅटिक रीस्टार्ट', म्हणजे निळा पडदा थांबून राहील आणि कोड वाचता येईल. तळाशी डॉट एसवायएस असं टोक असलेलं नाव दिसलं तर गुन्हेगार बहुधा तोच ड्रायव्हर. मग 'सेफ मोड'मध्ये जाऊन तो काढून टाका. सेफ मोड चालतो आणि साधा मोड चालत नाही, तर माझा पहिला संशय ग्राफिक्स ड्रायव्हर किंवा अँटिव्हायरसवर असतो.

७. बसल्यावरचं काम

ड्रायव्हरचा क्रम: आधी चिपसेट, मग ग्राफिक्स, साउंड, लॅन. ४ जीबी रॅम घालूनही सव्वातीनच्या आसपास दिसते, ते ३२ बिटचं गणित आहे, बिघाड नाही.

मराठी युनिकोडसाठी कंट्रोल पॅनलमध्ये 'रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स', त्यात 'लँग्वेजेस', आणि 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट'च्या फायली बसवण्याच्या चौकटीत टिक. हे केलं नाही तर वेलांट्या आणि जोडाक्षरं सुटी सुटी पडतात. सीडी मागेल, म्हणून 'आय३८६' फोल्डर हार्ड डिस्कवर कॉपी करून ठेवा, पुढेही उपयोगी पडतं. त्यानंतर मराठी कीबोर्ड जोडा. श्रीलिपी किंवा आयएसएमच्या जुन्या फॉन्टना याची गरज नाही, ते इंग्रजी अक्षरांच्याच जागा वापरतात.

डोंगल प्रिंटर पोर्टचा असेल तर बायोसमध्ये पॅरलल पोर्ट चालू आहे ना आणि त्याचा पत्ता ३७८ आहे ना, हे बघा. नंतर घातलेल्या पीसीआय कार्डाच्या पोर्टवर जुने डोंगल बऱ्याचदा ओळखले जात नाहीत, कारण त्या पोर्टचा पत्ता वेगळा असतो. यूएसबी डोंगल असेल तर आधी ड्रायव्हर, मग डोंगल.

इंटरनेट लावू नका. २००३चा ब्लास्टर आणि २००४चा सॅसर नुसत्या नेटच्या वायरवरून एक्सपीत शिरत होते. मे २०१७मध्ये वॉनाक्राय आला तेव्हा मायक्रोसॉफ्टला या निवृत्त विंडोजसाठीही पॅच काढावा लागला. गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह थेट या पीसीत घालणं तेवढंच धोक्याचं. ऑटोरन बंद करा आणि फाइल आधी दुसऱ्या पीसीवर तपासून घ्या.

८. सगळं नीट चालू झालं त्याच दिवशी

क्लोनझिलाने डिस्कची पूर्ण इमेज काढून बाहेरच्या डिस्कवर ठेवा. पुढच्या वेळी विंडोज बसवायची नाही, इमेज परत टाकायची. बायोसच्या पानांचे फोटो काढून सॅटा मोड, बूट क्रम आणि पोर्टचा पत्ता एका कागदावर लिहा, कागद कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवा. सेल पुन्हा संपणारच आहे.

प्रिंटर पोर्टचा डोंगल नसेल आणि मशीनची खास कार्डं नसतील, तर हीच एक्सपी व्हर्च्युअलबॉक्समध्ये (पीसीच्या आत दुसरा पीसी चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) नव्या पीसीवर बसवून बघा. यूएसबी डोंगलही तिथे आत पाठवता येतो. तिथे तुमचं काम चाललं, तर जुना पीसी सुट्या भागांसाठी ठेवा.